तेजाब मॅडम

रहांगडाले मॅडमचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये अजूनही कुणीतरी म्हणतं, "फार तापट बाई होती." बाकीचे माना हलवतात. मीही बरीच वर्षं हलवली. आता त्या वाक्याचीच मला चीड येते. आमच्या कॉलेजात 'तापट' हा शब्द कुणाला लावतात हे मी पुरेपूर पाहिलं आहे. ज्याचं म्हणणं खरं असतं आणि ज्याचं म्हणणं ऐकायचं नसतं, त्याला लावतात.

१९९९ च्या जुलैत मी गोंदियाच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो. तासिका तत्त्वावर. कायम व्हायची आशा होती आणि कुणालाही दुखवायचं नाही ही सवय होती. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळा एकाच व्हरांड्यात, मधे सामाईक स्टोअररूम. पहिल्या दिवशी व्हरांड्यात एक उंच, सावळी, चाळिशीच्या आतबाहेरची बाई उभी होती. हातात बांगडी नाही, नखं मुळापर्यंत कापलेली. बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मॅडम, आज खूप गरम होतंय."

"किती?"

मला कळलं नाही.

"थर्मामीटर भिंतीवर आहे. पाहून सांगा."

मी गेलो, पाहिलं, सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि निघून गेल्या. ही आमची ओळख. पुढे कळलं की 'किती?' हा त्यांचा सगळ्यांनाच प्रश्न असतो. विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, बहोत अभ्यास किया", की किती. प्राचार्य म्हणाले, निकाल समाधानकारक, की किती. पोरं त्यांना 'तेजाब मॅडम' म्हणायची. तेजाब म्हणजे आम्ल. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी तेच लिहून ठेवलं, तर त्यांनी खाली खडूने लिहिलं, 'कोणतं? रेणुसूत्र द्या.'

मॅडम फिजिक्सच्या, तिरोड्याकडच्या पोवार शेतकऱ्याची मुलगी. राहायच्या कुडव्याला, एकट्या. लग्न केलं नव्हतं आणि काऊन नाही केलं असं विचारण्याची हिंमत कुणाची झाली नव्हती. रोज स्कूटीवरून यायच्या आणि वाटेत हमखास कुणाशी तरी भांडून यायच्या. उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टरवाला, रेल्वेच्या फाटकाखालून वाकून जाणारा, नळाची तोटी उघडी टाकणारा. स्टाफरूममध्ये शिरताना त्या भांडणाची शेवटची चार वाक्यं तोंडातच असायची.

त्यांचं संशोधन चालायचं सच्छिद्र सिलिकॉनवर. हे काय असतं ते मी त्यांच्याकडूनच शिकलो, तेही पाच वेळा मूर्ख ठरून. कॉम्प्युटरच्या चिप ज्या सिलिकॉनच्या होतात, त्याची एक गुळगुळीत, करडी, आरशासारखी चकती असते. तिचे पोस्टाच्या तिकिटाएवढे तुकडे करायचे. एक तुकडा विशिष्ट आम्लात ठेवून त्यातून वीज सोडायची. आम्ल आणि वीज मिळून त्या तुकड्यात भोकं पाडत जातात; केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही बारीक. गुळगुळीत चकतीचा स्पंज होतो. अख्खं सिलिकॉन उजेडाच्या बाबतीत मुकं असतं. हा स्पंज मात्र जांभळ्या अतिनील दिव्याखाली धरला की लालभडक उजळतो. आणि हवेतली ओल भोकांत शिरली की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो. म्हणजे हवा किती ओली आहे ते तो तुकडा सांगू शकतो.

कॉलेजात यासाठी लागणारी एकही वस्तू नव्हती. ते आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक. ते काच खातं, म्हणून काचेच्या भांड्यात प्रयोग करता येत नाही. मॅडमनी टेफ्लॉनचा दांडा मागवला आणि एका राईस मिलच्या वर्कशॉपमधल्या लेथवाल्याकडून त्याचं भांडं कातून घेतलं. तो वैतागून म्हणायचा, "मैडम, ये सफेद वाला हाथ में टिकता ही नहीं, फिसलता है." त्यावर मॅडम, "फिसलता है इसीलिए लिया. आप धीरे चलाओ." तीन भांडी बिघडली, चौथं जमलं. अतिनील दिवा नव्हता. मग बाजारातल्या एका कापडवाल्याकडून नकली नोटा ओळखायचं यंत्र आठवड्यातून एक दिवस उसनं यायचं.

पहिला चांगला तुकडा तयार झाला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. स्टोअररूमच्या खिडकीला काळं कापड ठोकलं होतं. आत मॅडम, मी आणि प्रयोगशाळेचे परिचर मडावीभाऊ. मडावीभाऊ पन्नाशीचे, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावचे. कमी बोलायचे आणि मॅडमना अजिबात घाबरायचे नाहीत. कॉलेजात असे ते एकटेच. मॅडमनी दिव्याचं बटण दाबलं आणि चिमट्यात धरलेला तो करडा तुकडा पेटल्यासारखा नारिंगी-लाल झाला.

मडावीभाऊ म्हणाले, "मॅडम, हे तं जंगलात टॉर्च मारला का सांबराचे डोरे चमकतात, तसंच दिसून राहिलं."

"तसं नाही, भाऊ. सांबराच्या डोळ्यात तुमचाच टॉर्च परत येते. इथं आपण जांभळा देऊन राहिलो आन हा लाल परत देते. दिला तो नाही. दुसराच."

मडावीभाऊंनी विचार केला. "म्हंजे घेते एक आन देते एक?"

"हव."

"मंग तं हा आपल्या कॉलेजच्या हापिसावानी झाला."

मॅडम हसल्या. मोठ्याने, मान मागे टाकून. तेवढं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

त्याच अंधाऱ्या खोलीत त्यांनी आम्हा दोघांना त्या आम्लाबद्दल पढवलं. दर महिन्याला पढवायच्या, आम्ही तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. हे आम्ल आधी जाळत नाही, आधी आत शिरतं. कातडी साधी ओली झाल्यासारखी वाटते आणि ते हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जातं. म्हणून प्लॅस्टिकचीच बाटली, जाड हातमोजे, आणि लागलंच तर पाण्याखाली धरून ताबडतोब कॅल्शियमचा जेल चोळायचा. तो जेल त्यांनी स्वतः बनवला होता. मेडिकलमधून आणलेली कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शनं आणि सोनोग्राफीला लावतात ती जेली. डबीवर लाल अक्षरात 'मडावी – लांजेवार – रहांगडाले' अशी आमची तिघांची आडनावं लिहून ती प्रयोगशाळेच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवली होती. लांजेवार म्हणजे मी.

हे सगळं कशासाठी, असं एकदा मी विचारलं. उत्तरादाखल रविवारी त्या मला धान खरेदी केंद्रावर घेऊन गेल्या.

दिवाळीनंतरचे दिवस. केंद्राबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. मॅडमचे वडील आपल्या पोत्यांवर बसलेले. त्यांच्याशी त्या पोवारी बोलीत बोलल्या. आत तपासणारा माणूस पोत्यातला एक दाणा उचलून दाताखाली धरायचा, कट् करून फोडायचा आणि ठरवायचा, ओला की सुका. त्याच्या दातावर अख्ख्या तालुक्याचं वर्ष अवलंबून. मॅडमच्या वडिलांचा दाणा चावून तो म्हणाला, "ओला हाय. घेऊन जा, सुकवून आन."

मॅडमनी पिशवीतून झाकणाचा स्टीलचा डबा काढला. झाकणाला आतून तो सिलिकॉनचा तुकडा, बाहेर दोन तारा आणि मल्टिमीटर. वडिलांचं धान डब्यात भरलं, झाकण लावलं, घड्याळ पाहत दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या माणसाची काही धडगत नाही. आकडा पाहून त्या वडिलांकडे वळल्या. "बाबा, खरंच ओला हाय. घरी न्या."

म्हातारा पोती गाडीत चढवायला लागला. मॅडम मात्र हलल्या नाहीत. मागे एका व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर होता. तपासनिसाने त्याचा दाणा चावायचेही कष्ट घेतले नाहीत, हातानेच 'जाऊ दे' केलं. मॅडमनी त्या पोत्यातलं मूठभर धान डब्यात घातलं. पुन्हा दहा मिनिटं.

"हा तं माह्या बापाच्या धानापेक्षा ओला हाय!"

"मॅडम, तुमचा डबा घरी ठेवा."

"डबा घरी ठेवतो. तुह्ये दात कुठं ठेवशील? माह्या बापाच्या दान्याले दात लागले आन याच्या दान्याले काऊन नाही लागले?"

गर्दी जमली. लोक हसले, काहींनी शिट्ट्या मारल्या. तपासनीस आत जाऊन बसला आणि केंद्र दोन तास बंद राहिलं. शेवटी ट्रॅक्टर परत गेला. त्यानंतर एका वर्तमानपत्राचा माणूस कॉलेजात आला, 'प्राध्यापिकेचा शोध' म्हणून छापायचं होतं. प्राचार्य खूश. मॅडमनी त्या माणसाला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, "शोध नाही लागला. याचा आकडा दर महिन्याले सरकते. हवेनं हा म्हातारा होते. सरकणं थांबलं का मीच बोलावीन." प्राचार्यांनी नंतर सुनावलं की कॉलेजचं नाव झालं असतं. "खोटं झालं असतं," मॅडम म्हणाल्या.

तिथून प्राचार्यांनी त्यांना लक्षात ठेवलं. हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाला निदान काय करतो ते कळतं. याला फक्त 'कसं दिसतं' एवढंच कळायचं.

२००४ मध्ये कॉलेजचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती. त्याआधीचे दोन महिने आम्ही शिकवणं सोडून रंगरंगोटी केली. कुंड्या भाड्याने आल्या. न वाचलेल्या पुस्तकांवर नवे क्रमांक चढले. न झालेल्या सभांची इतिवृत्तं लिहिली गेली, त्यातली चार माझ्या अक्षरात आहेत. मॅडमनी एकही लिहिलं नाही. समिती यायच्या आठवड्यात त्यांचं विद्यापीठात पीएच.डी.च्या प्रगतीचं सादरीकरण होतं. चार दिवस त्या नव्हत्या.

त्या चार दिवसांत प्राचार्य स्टोअररूममध्ये आले. शेल्फवर वेगवेगळ्या आकाराच्या बाटल्या पाहून म्हणाले, हे काय भंगाराचं दुकान आहे? सगळी रसायनं एकसारख्या काचेच्या बाटल्यांत भरा, छापील लेबलं लावा. मडावीभाऊंनी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवून सांगितलं, "साहेब, याले हात लावाले मॅडमनं मना केला."

"कॉलेज मॅडम चालवतात की मी?"

प्राचार्य गेले. मडावीभाऊ माझ्याकडे आले. हे मला शब्दाशब्दाने आठवतं. मी जर्नल तपासत होतो.

"सर, मॅडमचं तेजाब काचेत चालते का?"

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. हे आम्ल काच खातं हे मला मॅडमना भेटण्याआधीपासून माहीत होतं, आणि भेटल्यावर दर महिन्याला मी ते तोंडपाठ म्हणत होतो. माझ्या कायम नेमणुकीच्या मान्यतेची फाईल प्राचार्यांच्या टेबलावर होती. मी मान वर न करता म्हणालो, "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, भाऊ. समिती गेली की परत ओतून ठेवा."

ते दोन क्षण उभे राहिले. मग गेले. जाड हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, अगदी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी ते आम्ल काचेच्या बाटलीत ओतलं.

मॅडम परत आल्या त्या समितीच्या आदल्या संध्याकाळी. तोवर प्रयोगशाळांना कुलूप घालून दाराला फीत बांधलेली होती, किल्ल्या प्राचार्यांकडे. त्यांनी किल्ली मागितली, मिळाली नाही.

सकाळी मडावीभाऊंना शेवटचा हात फिरवायला आत सोडलं. शेल्फ पुसताना त्यांना त्या बाटलीखाली ओल दिसली. बाटलीला घाम फुटला असेल असं वाटून त्यांनी उजव्या हातातल्या फडक्याने बूड पुसलं. हातमोजे नव्हते. समितीसमोर चांगलं दिसत नाही म्हणून ते कपाटात कोंबून ठेवायला सांगितलं होतं. अर्ध्या तासाने ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बोटांवर फारसं काही दिसत नव्हतं, थोडी पांढुरकी कातडी. "सर, हाडातून कोनी ओढून राहिलं," एवढंच म्हणाले.

मी आधी प्राचार्यांना गाठलं. हो, आधी त्यांना. ते फाटकाशी पाहुण्यांची वाट बघत होते. म्हणाले, "हात धुवायला सांगा. समिती आत गेली की मागच्या दाराने रिक्षात घालून पाठवा. आत्ता तमाशा नको."

मॅडमना त्या दिवशी रेशमी साडी नेसवून, हातात आरतीचं ताट देऊन सभागृहाच्या दाराशी उभं केलं होतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ताट त्यांनी शेजारच्या बाईच्या हातात दिलं नाही, तिथेच सोडलं. तबक, कुंकू, निरांजन, सगळं पायऱ्यांवरून घरंगळत नुकत्याच येऊन ठेपलेल्या समितीच्या पायाशी गेलं. साडी दोन्ही हातांनी गुडघ्यापर्यंत उचलून त्या धावल्या.

प्रयोगशाळेत मडावीभाऊ हात नळाखाली धरून बसले होते. मॅडम फ्रिजकडे वळल्या. फ्रिज नव्हता. जागेवर भाड्याची कुंडी होती.

"फ्रिज कुठं आहे?"

फ्रिज पाहुण्यांच्या खोलीत होता. समितीच्या थंड पाण्यासाठी. मॅडम तिकडे धावल्या, मी मागे. आत बाटल्याच बाटल्या, सरबताचे जग. डबी नाही. शिपाई घाबरून म्हणाला, "कायतरी चिकट होतं, फेकून दिलं." मॅडमनी मागच्या कचऱ्याच्या ढिगात हात घातले, रेशमी साडीसकट गुडघ्यांवर बसून. डबी सापडली, झाकण उघडं, आत मुंग्या आणि माती.

मला त्यांनी मेडिकलमध्ये पिटाळलं आणि मडावीभाऊंना स्कूटीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. मी इंजेक्शनं घेऊन पोहोचलो तेव्हा तिथला तरुण डॉक्टर भाजल्याचं मलम लावायच्या तयारीत होता आणि मॅडम त्याच्या हातातली नळी हिसकावून ओरडत होत्या, "हे भाजलं नाही! कॅल्शियम द्या, कॅल्शियम!" डॉक्टर भला होता. त्याने ऐकलं, फोन करून खात्री केली आणि दिलं. पण फार वेळ गेला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची पुढची पेरं काढावी लागली.

कॉलेजला मूल्यांकनात चांगली श्रेणी मिळाली. पेढे वाटले.

मग चौकशी. तीन सदस्य, अध्यक्ष संस्थेचेच. मॅडम आत गेल्या आणि त्यांनी टेबलावर ती काचेची बाटली ठेवली, धुऊन आणलेली. बूड दुधी झालेलं, एका जागी कागदासारखं पातळ, तिथे सुईएवढं भोक. लेबल मात्र सुरेख, छापील. "याच्यावर बोला," त्या म्हणाल्या. अध्यक्ष बाटलीवर बोलले नाहीत. इतकं घातक रसायन कॉलेजात आणलंच कशाला, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी पाच वर्षांत प्राचार्यांना लिहिलेली पत्रं वाचून दाखवली. अलमारी द्या, कुलूप द्या, पंखा द्या, परिचराला प्रशिक्षण द्या. एकाचंही उत्तर नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आवाज खाली ठेवा."

"किती खाली?" मॅडम म्हणाल्या. "खालच्या आवाजात पाच वर्सं लिवलं ना मी. दोन बोटं गेली."

अखेर एक कागद तयार झाला. परिचर मडावी यांनी कुणाच्याही सूचनेशिवाय, स्वतःच्या मर्जीने आम्ल काचेच्या बाटलीत ओतलं. खाली दोन्ही विभागांतल्या सगळ्यांनी सही करायची. मॅडमनी केली नाही. इतर तिघांनी केली. तिघांतला एक मी. माझी मान्यता पुढच्याच महिन्यात आली.

मडावीभाऊंना निलंबित केलं. मॅडमचा संशोधनाचा कक्ष सील झाला, उरलेले सिलिकॉनचे तुकडे कुणीतरी आरशाचे तुकडे समजून फेकले. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी कळवलं की विषय बदला. त्या ओलीच्या आकड्याचं सरकणं त्यांनी जवळजवळ थांबवलं होतं. भट्टीत तापवून पृष्ठभागाला आधीच म्हातारं करायचं, मग ते पुढे बदलत नाही. त्याची शेवटची मोजमापं राहिली होती. ती राहिलीच. त्यांनी पीएच.डी. सोडली असं लोक म्हणतात. सोडली नाही. हातातून ओरबाडून घेतली.

पण त्या गप्प बसल्या नाहीत. रोज आपले तास संपले की प्राचार्यांच्या केबिनसमोर खुर्ची टाकून बसायच्या. घोषणा नाही, फलक नाही. पेपर तपासायच्या. प्राचार्य बाहेर पडले की एकच वाक्य, खणखणीत, "मडावीले कामावर कधी घेता?" पाहुणे असोत, पालक असोत, हेच. प्राचार्य मागच्या दाराने जायला लागले तर खुर्ची मागच्या दाराशी. दोन महिने हे चाललं. शेवटी मडावीभाऊंना परत घेतलं, प्रयोगशाळेत नाही, फाटकावर. आणि मॅडमना ज्युनिअर कॉलेजला अकरावीवर पाठवलं. तिथेच निवृत्तीपर्यंत शिकवलं त्यांनी. माझ्याशी त्या कामापुरतं बोलायच्या. वर्गाची किल्ली, पेपरांचा गठ्ठा. माझी सही त्यांनी पाहिली होती. मडावीभाऊंनी मला विचारलेला प्रश्न मात्र त्यांना माहीत नव्हता. मडावीभाऊंनी तो चौकशीत सांगितला नाही, मॅडमनाही नाही. रोज फाटकातून जाताना ते मला उजवा हात उचलून नमस्कार करायचे. मी गाडीचा वेग वाढवायचो.

२०१२ मध्ये पुन्हा समिती यायची होती. मी तोवर विभागप्रमुख. नवे प्राचार्य, नवं परिपत्रक: सर्व रसायने एकसारख्या काचेच्या बाटल्यांत ठेवावीत. मी ते नकार लिहून परत पाठवलं. त्यात शौर्य काहीच नव्हतं, उशीर तेवढा झाला होता. त्या रविवारी सकाळी मी कुडव्याला गेलो.

मॅडम फाटकात उभ्या राहून वीज मंडळाच्या माणसाशी मीटरवरून भांडत होत्या. केस पूर्ण पांढरे. मला पाहून म्हणाल्या, "तू कायले आला?"

"माफी मागायला. त्या सहीची."

"मले काऊन मागून राहिला? बोटं कोनाची गेली?" त्यांनी वीजवाल्याला 'थांब' असा हात केला, मग विचार बदलला, "तू जा, उद्या ये." स्कूटी बाहेर काढली. "चाल. आत्ता."

त्या पुढे, मी मोटारसायकलवर मागे. नागझिऱ्याच्या रस्त्याला लागून मडावीभाऊंच्या गावापर्यंत तासभर लागला. ते आता निवृत्त झाले होते. अंगणात बाजेवर बसले होते, डाव्या हाताने बांबूच्या कामट्या तासत. त्यांची बायको पाणी घेऊन आली. मॅडम बसल्या नाहीत. "बोल," मला म्हणाल्या.

मी सहीबद्दल बोललो. मग थांबता आलं नाही. बाटलीबद्दल, त्या प्रश्नाबद्दल, मान वर न करता दिलेल्या उत्तराबद्दल, सगळं सांगितलं. मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"यानं विचारलं होतं तुले?"

"हो."

त्या मडावीभाऊंकडे वळल्या. "तुम्ही कधी बोलले नाही मले?"

मडावीभाऊ कामटी खाली ठेवत म्हणाले, "सरची नौकरी पक्की नव्हती, मॅडम. लेकरं लहान होते. जाऊ द्या आता. झालं ते झालं."

"काऊन जाऊ द्या?" मॅडमचा आवाज असा चढला की शेजारच्या अंगणातली माणसं उभी राहिली. "काऊन जाऊ देता, भाऊ? तुम्ही जाऊ देता म्हनून हे लोक करतात! बोटं तुमची, आन माफी पन तुम्हीच वाटता?"

मडावीभाऊंनी कामटी पुन्हा उचलली. त्यांच्या बायकोने पदर तोंडाशी धरला. ती रडत होती की तिला बरं वाटत होतं, मला ओळखता आलं नाही.

मॅडमनी स्कूटीच्या डिकीतून वही काढली, एक पान फाडलं, पेन माझ्या हातात दिलं. "लिव. काय विचारलं, काय सांगतलं. नाव, तारीख, सही."

मी बाजेच्या कडेला बसून लिहिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, 'अनवधानाने चुकीचा सल्ला दिला.'

"अनवधान काढ. माहीत होतं तुले."

मी तो शब्द खोडला आणि त्यावर लिहिलं, 'माहीत असूनही'. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, घडी घातली आणि मडावीभाऊंच्या उजव्या हातात दिली. तीन बोटांनी त्यांनी ती धरली. "हे ठेवा. कोनाले दाखवाचं का नाही ते तुम्ही ठरवा. पन जाऊ देऊ नका."

पाणी न पिताच त्या निघाल्या. अंगणाच्या कुडाच्या कुंपणापाशी उभा राहून मी पाहत होतो. गावाबाहेर रस्त्यावर एकाने बकऱ्यांचा कळप आडवा घातला होता. मॅडमची स्कूटी त्याच्यासमोर थांबली, हॉर्न वाजला, एक हात उंच झाला आणि इतक्या लांबूनही शब्द कळत होते. तो माणूस लगबगीने बकऱ्या बाजूला करायला लागला.